डाइव्ह घड्याळांची दुरुस्ती व जीर्णोद्धार

डाइव्ह घड्याळ हे पाणबुड्यांना पाण्याखाली गेलेला वेळ मोजता यावा यासाठी बनवलेले जलरोधक मनगटी घड्याळ होय. विसाव्या शतकाच्या मध्यात तयार झालेली अशी घड्याळे, त्यांच्या धर्तीवर आज बनणारी जुन्या शैलीची घड्याळे आणि त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती पुन्हा चालू स्थितीत आणणे, हा घड्याळ-दुरुस्तीचा एक स्वतंत्र भाग मानला जातो. इतर घड्याळांत वेळ अचूक दाखवणे पुरेसे असते. येथे घड्याळाची पाणी रोखण्याची क्षमता परत मिळवणे आणि त्याचे मूळ रूप न बिघडवणे, अशी दोन उद्दिष्टे एकाच वेळी सांभाळावी लागतात. ही दोन उद्दिष्टे पुष्कळदा परस्परांच्या आड येतात.

इतिहास

रोलेक्स कंपनीने १९२६ साली 'ऑयस्टर' हे स्क्रूप्रमाणे आवळून बंद होणारी चावी व झाकण असलेले घड्याळ बाजारात आणले. १९३२ साली ओमेगाचे 'मरीन' हे घड्याळ आले. आधुनिक डाइव्ह घड्याळाचे रूप मात्र १९५३ साली निश्चित झाले. त्या वर्षी ब्लांपेन कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांच्या गरजेनुसार तयार झाले. कंपनीचे तत्कालीन प्रमुख जाँ-जाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे 'सबमरीनर' हे घड्याळही याच काळातले. १९६५ साली जपानच्या सेइको कंपनीने १५० मीटर खोलीसाठी आपले पहिले डाइव्ह घड्याळ काढले.

पुढे पाणबुडे मनगटी संगणक वापरू लागले आणि या घड्याळांचा प्रत्यक्ष उपयोग घटला. संग्राहकांमधील त्यांची मागणी मात्र वाढत गेली. त्यामुळे मूळ कंपन्यांनीही जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. सेइकोने आपल्या १९६५ च्या घड्याळाची पुनर्निर्मिती २०१७ साली केली.

प्रकार

दुरुस्तीला येणारी घड्याळे साधारणपणे चार प्रकारची असतात.
१. मूळ जुनी घड्याळे.
२. मूळ कंपनीनेच काढलेल्या नव्या आवृत्त्या.
३. प्रसिद्ध घड्याळाची ठेवण घेऊन स्वतःच्या नावाने विकली जाणारी घड्याळे.
४. दुसऱ्या कंपनीचे नाव व चिन्ह छापलेल्या बनावट प्रतिकृती.

पहिल्या तीन प्रकारांचा व्यवहार उघड असतो. चौथ्या प्रकारातील घड्याळांची विक्री हा भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये दंडनीय गुन्हा आहे.

रचना

घड्याळात पाणी शिरण्याच्या मुख्य वाटा तीन असतात : काचेची कड, मागचे झाकण आणि चावीची नळी. या तिन्ही ठिकाणी रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्या बसवलेल्या असतात. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो; म्हणजे २०० मीटरवर या कड्यांना पाण्याचा सुमारे वीस वातावरणे दाब सोसावा लागतो.

काचेभोवतीची फिरती कडा बुडी मारताना मिनिटकाट्याशी जुळवली जाते, म्हणजे किती मिनिटे गेली ते लगेच वाचता येते. आधुनिक घड्याळांत ही कडा एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला, तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो आणि पाणबुडा हवा संपण्याआधी वर येतो.

बिघाडाची कारणे

रबरी कड्या वयोमानाने कडक होतात, भेगाळतात, कधी वितळून डांबरासारख्या चिकट होतात. चावीकडून ओलावा शिरत असल्याने चावीची दांडी व तिच्या लगतचे भाग बहुधा आधी गंजतात. खारे पाणी कडीखाली अडकून राहिल्यास गंजरोधक पोलादालाही बारीक खड्डे पडतात. असा खड्डा झाकणाच्या बैठकीवर असेल, तर नवी कडी घालूनही गळती थांबत नाही. यंत्राचे तेल सुकल्यावर धातू धातूवर घासू लागतो; घड्याळ चालत राहते, पण आतील आस झिजत जातात. म्हणून चालू असलेले घड्याळ सुस्थितीत आहेच, असे मानता येत नाही.

दुरुस्तीची पद्धत

तपासणी : उघडण्यापूर्वी घड्याळजी बाह्य स्थिती नोंदवतो व छायाचित्रे घेतो. यंत्राची चाल, तोलचक्राचा झोका व ठोक्यांतील समतोल वेळमापक उपकरणावर पाहिला जातो. पूर्ण चावी दिलेल्या घड्याळाचा झोका आडव्या स्थितीत साधारणपणे २७० ते ३१० अंश असावा. तो फार कमी असल्यास सफाईची गरज असते.

सफाई व तेल : काटे व तबकडी उतरवून यंत्र पूर्ण सुटे केले जाते, भाग धुतले जातात आणि भिंगाखाली तपासले जातात. मंद फिरणाऱ्या भागांना दाट, तर जलद फिरणाऱ्या भागांना पातळ तेल लागते. तेल जास्त झाल्यास ते पसरून जाते, म्हणून ते अत्यल्प प्रमाणात दिले जाते.

बाह्य कवच : जुनी ॲक्रिलिक काच घासून चकचकीत करता येते, खनिज काचेवरील ओरखडे मात्र सहज निघत नाहीत, त्यामुळे ती बहुधा बदलावी लागते. धातूच्या कवचाला अति पॉलिश केल्यास त्याच्या धारदार कडा गोल होतात आणि मूळ घडण कायमची नष्ट होते.

प्रतिकृतींची दुरुस्ती : जुन्या शैलीच्या नव्या घड्याळांत व प्रतिकृतींत पुष्कळदा जपानी किंवा चिनी यंत्र असते. अशा यंत्राचे सुटे भाग मिळवण्यापेक्षा पूर्ण यंत्र बदलणे स्वस्त पडते. मात्र कोणतेही यंत्र कोणत्याही कवचात बसत नाही. स्विस ईटीए २८२४-२ या यंत्राचा व्यास २५.६ मिलिमीटर व जाडी ४.६ मिलिमीटर आहे, तर जपानी एनएच३५ चा व्यास २७.४ मिलिमीटर व जाडी ५.३२ मिलिमीटर आहे. पहिले तासाला २८,८०० ठोके देते, दुसरे २१,६००. तबकडीचे पाय, काट्यांच्या भोकांचे माप, चावीची उंची व तारखेच्या खिडकीची जागा जुळते की नाही, हे आधी मोजून पाहावे लागते. चावीची उंची थोडी जरी चुकली, तरी ती नीट आवळली जात नाही व पाणी शिरण्याची वाट तयार होते. प्रतिकृतीच्या तबकडीवर छापलेला खोलीचा आकडा हा तिच्या क्षमतेचा पुरावा नसतो.

दीप्तिमान रंग व त्याचे धोके

अंधारात चमकण्यासाठी १९६० च्या दशकापर्यंत तबकडीवर व काट्यांवर रेडियमयुक्त रंग लावला जाई. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. रंगातील चमकणारे द्रव्य काही वर्षांत निकामी होते, किरणोत्सार मात्र चालूच राहतो. म्हणून रंग चमकत नाही याचा अर्थ तो निर्धोक आहे, असा होत नाही. असा रंग खरवडणे, फुंकणे किंवा कोरडा पुसणे अत्यंत धोकादायक असते, कारण त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. असे घड्याळ किरणोत्सारमापक यंत्राने तपासल्यावर व पुरेशी साधने असलेल्या ठिकाणीच उघडावे.

पुढे ट्रिटियम वापरात आले. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे असल्याने जुन्या तबकड्यांची चमक आज जवळजवळ संपलेली दिसते. १९९० च्या दशकापासून प्रकाश शोषून चमकणारे, किरणोत्सारी नसलेले रंग रूढ झाले. जुन्या शैलीच्या घड्याळांत याच रंगांना मुद्दाम पिवळसर छटा देतात.

जलरोधकतेची चाचणी

डाइव्ह घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यात किमान १०० मीटर खोलीची क्षमता अपेक्षित आहे. घड्याळ त्याच्या नोंदीव खोलीच्या १२५ टक्के दाबाखाली तपासले जाते. घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात. आतून वाफ धरली, तर ओलावा शिरल्याचे सिद्ध होते.

दुरुस्तीच्या दुकानात बहुधा हवेच्या दाबाची चाचणी होते. दाबाने कवच किती दबते व तसेच राहते का, हे त्यात मोजतात. दुसऱ्या पद्धतीत घड्याळ पाण्याच्या वर हवेच्या दाबात ठेवून नंतर पाण्यात उतरवतात व दाब हळूहळू कमी करतात. बुडबुडे दिसल्यास गळतीची जागा कळते. अशा वेळी घड्याळ ताबडतोब पाण्याबाहेर काढावे लागते. यंत्राची हानी टाळण्यासाठी जुन्या घड्याळाचे रिकामे कवच आधी तपासणे इष्ट मानले जाते. चाचणी उत्तीर्ण झाली, तरी अनेक घड्याळजी पन्नास-साठ वर्षांचे घड्याळ पाण्यात न नेण्याचाच सल्ला देतात.

मूळपणाचा प्रश्न

संग्राहकांच्या दृष्टीने डागाळलेली मूळ तबकडी ही नव्याने रंगवलेल्या तबकडीपेक्षा अधिक मोलाची असते. वापरणाऱ्याला मात्र स्वच्छ, वाचता येणारी तबकडी हवी असते. भारतात जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या पुन्हा छापून विकण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर आहे. मूळ घड्याळात नसलेले रंग व अक्षरांची वेगळी वळणे यांवरून ती ओळखू येतात. परदेशी संग्राहकांमध्ये अशा घड्याळांना उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हटले जाते. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेल्या घड्याळांबाबतही असाच आक्षेप घेतला जातो.

भाग बदलणे हा दोष मानला जात नाही. ते लपवणे हा मानला जातो. त्यामुळे चांगल्या कामात उतरवलेले मूळ भाग मालकाला परत दिले जातात, बदललेल्या भागांची यादी व चाचणीचा दाब लेखी नोंदवला जातो. पुढच्या खरेदीदाराला मूळ कोणते व नवे कोणते, तसेच घड्याळ पाण्यात न्यावे की नाही, हे या नोंदीवरून कळते.