सत्तरीचा पुरावा

आयर्लंडमधल्या साध्यासुध्या माणसांना जुन्या खानेसुमारीत आपलं घर शोधायची गरज पडली ती पेन्शनपायी. 1908च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. पण वयाचा दाखला आणायचा कुठून? सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864 साली, आणि हे म्हातारे त्याआधी पंचवीस वर्षं जन्मलेले. मग आईवडिलांची नावं आणि वाडी लिहून अर्ज डब्लिनला जाई. तिथला कारकून 1841 किंवा 1851ची पानं चाळून ते घर शोधी, आणि त्या घरातल्या पोराचं वय अर्जावरच टिपून ठेवी. 1841ला दोन वर्षांचं असलेलं पोर, मधल्या महादुष्काळातून तगलेलं, आता पाच शिलिंगांची वाट पाहत होतं.

30 जून 1922 रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं. 1821 ते 1851च्या खानेसुमाऱ्या जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. 1861 आणि 1871च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. 1881 आणि 1891च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत निघाल्या. पेन्शनचे कितीतरी अर्ज मात्र उरले. जळालेल्या घरांचे ते उतारेच म्हणायचे.

म्हणून आज शोधाला मोठा आधार 1901 आणि 1911च्या खानेसुमाऱ्यांचा. 1911 साली विवाहित बाईला विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती? शेवटचे दोन आकडे शेजारी वाचताना माझा हात थांबतो. वयावर मात्र विसंबू नये. पेन्शन आल्यावर 1901 ते 1911 या दहा वर्षांत कितीतरी जण पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले दिसतात. लग्नाचं साल धरावं आणि विवाहनोंदीकडे जावं.

कॅथलिकांची सरकारी विवाहनोंद 1864पासूनची, इतरांची 1845पासूनची. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत बघावं लागतं. लग्न बहुधा नवरीच्या पॅरिशमध्ये लागे, तेव्हा शोध तिच्या गावापासून. सरकारी नोंदीत दोघांचे व्यवसाय, राहती वाडी आणि दोघांच्या वडिलांची नावं सापडतात. वयाच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं ‘सज्ञान’.

आईच्या नावाला त्या नोंदीत रकानाच नाही. ते भेटतं म्हाताऱ्यांच्या त्या पेन्शन-अर्जांत, वडिलांच्या नावाशेजारी.