जुन्या कॅमेऱ्याची किंमत कशात असते?

वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा आपला रोजचा अनुभव आहे. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांना मात्र हा नियम सरळ लागू पडत नाही. त्यांचे भाव उतरतात आणि पुन्हा चढतातही. यंत्र तर तेच असते. मग बदलते काय? पोलरॉइड कंपनीच्या ‘एसएक्स-७०’ या कॅमेऱ्याच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

या कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांना १९४३ साली त्यांच्या छोट्या मुलीने विचारले, की काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? लँड यांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि १९४७ साली तत्काळ छायाचित्रणाचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. १९७२ साली बाजारात आलेला एसएक्स-७० ही त्याची पुढची पायरी. किंमत १८० डॉलर. त्यातून फोटो बाहेर येई आणि भर उजेडात, डोळ्यांदेखत उमटे.

पण उजेड लागला तर फिल्म खराब व्हायला हवी! ती का होत नसे? फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत आम्लारिधर्मी रसायनांची एक पुडी असते. फोटो बाहेर पडताना दोन रुळांमध्ये दाबून ती फुटते आणि आतला लगदा फिल्मवर पसरतो. त्यात दर्शक रंगद्रव्ये असतात. सामू जास्त असताना ती गडद असतात व उजेड अडवितात. पुढे फिल्ममधीलच आम्लाच्या थरामुळे सामू उतरतो, ती रंगहीन होतात आणि चित्र दिसू लागते. आपल्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलिन याच कुळातले.

म्हणजे निम्मी प्रयोगशाळा फिल्ममध्येच होती. इतकेच नव्हे, तर कॅमेऱ्याला लागणारी बॅटरीही फिल्मच्या पाकिटातच असे. फिल्म नाही, तर वीजही नाही!

डिजिटल कॅमेरे आले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने तत्काळ फिल्मचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले. उत्तम स्थितीतले कॅमेरेही आता नुसते शोभेचे ठरणार होते. त्याच वर्षी फ्लोरियन काप्स, आंद्रे बोसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे विकत घेतली. जुने जाणकार कामगार सोबत होते. तरीही अडचण आली. कित्येक मूळ रसायने आता बनतच नव्हती. फिल्म नव्याने रचावी लागली. २०१० साली ती आली, पण उजेड अडविण्याचे काम तिला नीट जमत नव्हते. फोटो बाहेर येताच तो झाकून धरावा लागे. ही उणीव कमी व्हायला पुढे काही वर्षे गेली.

फिल्म परतली तसे कॅमेऱ्यांनाही मोल आले. दुरुस्त केलेला एसएक्स-७० आज मूळ १८० डॉलरांपेक्षा महाग मिळतो. मात्र १९७२ चे १८० डॉलर म्हणजे आजचे तेराशेहून अधिक, हेही विसरू नये. चढलेला आकडा आणि वाढलेले मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे.

कारखाना बंद पडला की यंत्रांबरोबर रसायनांचे पुरवठादार आणि हातांतले कौशल्यही विखुरते. ते पुन्हा जुळविणे किती कठीण, हे या फिल्मने दाखविले. पुढच्या वेळी वर्गात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग आम्लाने नाहीसा कराल, तेव्हा ही गोष्ट मुलांना अवश्य सांगा.