रामन राघव (चित्रपट)

श्रीराम राघवन दिग्दर्शित हिंदी माहितीनाट्य (१९९१). लांबी सुमारे ७० मिनिटे. शीर्षक भूमिका : रघुवीर यादव.

आधार मुंबईतील खऱ्या खून-मालिकेचा. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये उपनगरांतील फुटपाथ व झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी रात्री जड हत्याराने फोडली जात होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यावरच्या एका माणसाला जुन्या फोटोवरून हेरले. त्याची छत्री ओली होती आणि त्या भागात पाऊस झालेला नव्हता. झडतीत दोन कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहापूड असा ऐवज निघाला. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. कोठडीत हा माणूस, रामन राघव, तोंड उघडेना. काय हवे म्हणून विचारले, तर मुर्गी मागितली. जेवण झाल्यावर खोबरेल, कंगवा आणि आरसा. तेल चोपडून, भांग पाडून, आरशात निरखून झाले, मग तो सगळे बोलला. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी सुनावली. मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र मनोविकाराचे निदान केल्यावर पुढे तिची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

पडद्यावरची भीती उपजते ती कोठडीतल्या या बोलण्यातून. जग दोन आहेत, एक कायद्याचे आणि दुसरे आपण राहतो ते, असे राघव मानत असे. रघुवीर यादव हा माणूस आवाज न चढवता उभा करतात. ‘सत्यकथेवर आधारित’ या शिक्क्याची गोम इथेच आहे : कथेचा मोठा भाग ज्याच्या तोंडून आला, त्याचे मनच थाऱ्यावर नव्हते. जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) थरकाप उडवतो, हा नुसता कुजबुजतो.

चित्रपटाला रीतसर चित्रगृह लाभले नाही. तरी तो पाहूनच रामगोपाल वर्मांनी राघवन यांना ‘एक हसीना थी’ (२००४) दिला. अनुराग कश्यप यांचा ‘रामन राघव २.०’ (२०१६) नाव तेवढे घेतो. हा चित्रपट त्याच्याविषयी नाही, असे सुरुवातीलाच सांगून टाकतो.