उत्तर बरोबर, पण रीत?

१९५३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हे आपल्या कन्येच्या शाळेंत चवथ्या इयत्तेच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. मुलें उदाहरणें सोडवीत होतीं. कांहींचीं केव्हांच आटोपलीं होतीं आणि तीं कंटाळून इकडे तिकडे पाहत होतीं. कांहीं पहिल्याच उदाहरणापाशीं अडून बसलीं होतीं. आपलें उत्तर चुकलें कीं बरोबर आलें, हें मात्र कोणालाच लगेच कळणार नव्हतें. स्किनर यांना ही व्यवस्था इतकी असह्य वाटली कीं, थोड्याच दिवसांत त्यांनीं एक पेटी तयार केली. पेटीच्या खिडकींत प्रश्न दिसावा, मुलानें सरकपट्ट्या हलवून उत्तर मांडावें आणि तें बरोबर असेल तरच पुढचा प्रश्न यावा, अशी तिची योजना होती.

कल्पना अगदींच अपूर्व होती असें नव्हे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे सिडनी प्रेसी यांनीं १९२६ मध्येंच अशा एका यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें; ठराविक संख्येनें उत्तरें बरोबर आलीं म्हणजे मुलाच्या हातांत गोळी टाकण्याचीही त्यांत सोय होती. परंतु शिक्षणयंत्राचा बोलबाला झाला तो स्किनर यांच्यामुळें. आज मुलें घरोघरीं संगणकासमोर बसून ज्या शैक्षणिक संकेतस्थळांवर गणितें सोडवितात, त्यांपैकीं पुष्कळांचा वंशवृक्ष या पेटीपाशीं जाऊन पोंचतो. लहान पायरी, तात्काळ निकाल आणि ज्याची त्याची गति, हीं तीन तत्त्वें सर्वत्र तींच आहेत.

या तत्त्वांत न्यून कोठें होतें, तें एका बारा वर्षांच्या मुलानें दाखवून दिलें. १९७३ मध्यें स्टॅन्ली अर्लवॅंगर यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत बेनी या नांवानें ज्याचें वर्णन आहे तो सहाव्या इयत्तेंतला विद्यार्थी स्वयंगतीनें गणित शिकत होता. त्याच्या वर्गांत यंत्र नव्हतें. छापील पुस्तिका होत्या. पण पद्धति तीच. पाठ वाचावा, चांचणी द्यावी, उत्तरें तक्त्याशीं ताडून घ्यावीं, शेंकडा ऐशीं गुण मिळाले कीं पुढें जावें. बेनी भराभर पुढें जात होता आणि त्याच्या शिक्षिकेच्या मतें तो हुशार विद्यार्थ्यांपैकीं एक होता. अर्लवॅंगर यांनीं त्याला जवळ बसवून बोलतें केलें, तेव्हां भलताच प्रकार उघडकीस आला. दोन दशांश म्हणजे १.२, असें बेनी निःशंकपणें सांगत होता, कारण दोन आणि दहा मिळून बारा होतात. याच न्यायानें चार अकरांश म्हणजे १.५, आणि अकरा चतुर्थांश म्हणजेही १.५! ०.३ आणि ०.४ यांची बेरीज त्याच्या हिशेबीं ०.०७ होती, कारण दोन्ही संख्या मिळून दशांशचिन्हापुढें दोन घरें होतात.

मुलगा मठ्ठ असता तर या गोष्टीला एवढें महत्त्व आलें नसतें. त्यानें स्वतःच्या बुद्धीनें नियम शोधून काढले होते, आणि त्यांपैकीं पुष्कळ नियम तक्त्यांतील उत्तरांशीं जुळवून घेतले होते. अपूर्णांक स्वरूपांतलें उत्तर आणि त्याच मूल्याचें दुसरें रूप यांपैकीं तक्ता एकालाच बरोबर म्हणतो, हें पाहून गणित म्हणजे कोणीतरी मनास येईल तसे ठरविलेले नियम, अशी त्याची समजूत झाली होती. तक्ता उत्तर तपासतो; रीत तपासणारें माणूस त्या व्यवस्थेंत उरलेंच नव्हतें.

योगायोग असा कीं, अर्लवॅंगर ज्या इलिनॉय विद्यापीठांत संशोधन करीत होते, तेथेंच याच दुखण्यावरचा एक उपाय तयार होत होता. डोनाल्ड बिट्झर यांनीं १९६० मध्यें अर्बाना येथें ‘प्लेटो’ नांवाची संगणकीय शिक्षणयोजना सुरू केली होती. १९७२ मध्यें तिची चवथी आवृत्ति आली. तिचा नारिंगी प्रकाशाचा सपाट पडदा बोटाचा स्पर्श ओळखी. या पडद्यावर शॅरन डगडेल यांनीं मुलांसाठीं ‘डार्ट्स’ नांवाचा खेळ रचला. उभ्या संख्यारेषेला फुगे चिकटलेले असत. फुगा कोठें आहे याचा अंदाज करून मुलानें अपूर्णांक टंकावा, कीं त्या स्थानीं बाण सुटे. नेम चुकला तर बाण जेथें लागला तेथेंच राही. ‘चूक’ असा शब्द उच्चारण्याची गरजच पडत नसे. मुलाला आपल्या संख्येची जागा डोळ्यांनीं दिसे. शून्य आणि एक यांच्या मधला फुगा फोडूं पाहणाऱ्या बेनीचा १.२ येथें एकाच्या पलीकडे जाऊन रुतला असता, आणि वाद तेथेंच मिटला असता.

मॅसॅच्युसेट्समध्यें सीमूर पॅपर्ट, वॉलेस फॉयर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांनीं आणखी पुढें पाऊल टाकलें. त्यांनीं १९६७ मध्यें मुलांसाठीं ‘लोगो’ ही संगणकाची भाषा निर्माण केली. थोड्याच काळांत तिला हुकुमाबरहुकूम चालणारें कांसव लाभलें. त्रिकोण काढावयाचा म्हणून मूल कांसवाला तीन वेळां चालवितें आणि दर वेळीं साठ अंश वळवितें. त्रिकोण तर होत नाहींच. अर्धा षट्कोन मात्र उमटतो. मग मूल स्वतः उठून चालून पाहतें, आणि वळावयाचें तें बाहेरच्या कोनानें, म्हणजे एकशें वीस अंशांनीं, हें त्याच्या ध्यानांत येतें. प्रश्न यंत्र विचारीत नाहीं. मूल यंत्राला शिकवितें. या मताची पुढची पिढी म्हणजे २००७ मध्यें खुली झालेली ‘स्क्रॅच’.

जागतिक जाळें पसरल्यावर हे दोन्ही प्रवाह घरांत शिरले. १९९९ मध्यें यूटा राज्याच्या विद्यापीठांत गणिताच्या आभासी साधनांचें भांडार सुरू झालें. २००२ मध्यें नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनीं कोलोराडो विद्यापीठांत ‘फेट’ हा उपक्रम काढला. त्याचे विजेचे, प्रकाशाचे, अपूर्णांकांचे खेळ विनामूल्य आहेत आणि त्यांतील अनेकांचीं मराठी रूपेंही मिळतात. एक संकट मात्र पुस्तकाला कधीं ठाऊक नव्हतें. ज्या ‘फ्लॅश’ तंत्रावर असे असंख्य खेळ उभे होते, तें २०२० च्या अखेरीस बंद पडलें आणि अनेक साधनें एका वर्षांत मूक झालीं. फेटनें आपले खेळ एकेक करून नव्यानें लिहून घेण्याचें काम त्यापूर्वींच हातीं घेतलें होतें.

त्या उपक्रमाची एक रीत अर्लवॅंगर यांची आठवण करून देणारी आहे. खेळाचा कच्चा आराखडा विद्यार्थ्यापुढें ठेवतात आणि मनांत येईल तें मोठ्यानें बोलत खेळावयास सांगतात. शेजारीं संशोधक बसलेला असतो. विद्यार्थी भलतीच कळ कां दाबतो आणि चित्रावरून कोणता अर्थ काढतो, तें तो टिपून घेतो. मग चित्र बदलतें.