वसतिय्या

इस्लामी धर्मवचनांचा अर्थ लावताना पाळावयाचे मध्यममार्गाचे तत्त्व. अरबी ‘वसत’ म्हणजे मध्य. मात्र तबरी (मृत्यू ९२३) यांच्यासारख्या जुन्या भाष्यकारांनी त्याचा अर्थ ‘उत्तम’, ‘न्याय्य’ असाही दिला आहे. तेव्हा दोन टोकांमधले अंतर मोजून निम्म्यावर उभे राहणे, एवढाच याचा अर्थ नव्हे. मुख्य आधार कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील १४३ व्या आयतीचा : तीत श्रद्धावंतांना ‘मधला समुदाय’ म्हटले आहे. या अध्यायात आयती २८६, म्हणजे ही आयतही बरोबर मध्यावर पडते.

टाळायचे दोष दोन : ‘गुलू’ म्हणजे अतिरेक आणि ‘तक्सीर’ म्हणजे उणेपणा (मराठीतला ‘कसूर’ याच धातूचा). शब्दाला चिकटून प्रसंग विसरू नये, तसेच गूढार्थाच्या नादात शब्दही सोडू नये. कुराण (३:७) स्वतःच स्पष्ट आणि अनेकार्थी आयतींत भेद करते. अनेकार्थी वचन स्पष्ट वचनाच्या उजेडात वाचावे, हा भाष्यकारांचा दंडक. ग्रानाडाचे शातिबी (मृत्यू १३८८) यांनी वचनामागचा हेतू, ‘मकासिद’, विचारात घेण्यावर भर दिला. आज ‘वसतिय्या’ हा शब्द सरकारेही वापरतात आणि त्यांचे विरोधकही. स्वतःला अतिरेकी म्हणवणारा कोणी भेटत नाही.

भारतात धर्मवचनांचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न मदरशांइतकाच कोर्टांतही गाजला. विधवेच्या पोटगीच्या एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने १८९७ मध्ये ठरवले, की प्राचीन अधिकारी भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध न्यायालयाने कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये. दिसायला हा संयम. प्रत्यक्षात अर्थ गोठला. कायदेपंडित मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील ग्रंथात हा नियम कलमाच्या रूपाने बसला. त्या ग्रंथाच्या पुढील काही आवृत्त्यांचे संपादक होते देशाचे सरन्यायाधीश राहिलेले न्या. मोहम्मद हिदायतुल्ला (१९०५–१९९२).

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांना धर्मग्रंथांच्या नव्या अर्थावर विसंबणे पुरेसे वाटत नव्हते. त्यांचा भर समान नागरी कायद्यावर होता. न्यायालये मात्र अर्थाकडेच वळली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये म्हटले, की तलाकला सबळ कारण हवे आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न हवा. मध्यस्थांची ही तरतूद कुराणातच आहे (४:३५).  एका दमातील तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, तेव्हा बहुमतातील न्या. कुरियन जोसेफ यांनी आपला निष्कर्ष कुराणाच्या आयतींवरच बेतला.