एरी सरोवराची चळवळ : आख्यायिका आणि कालक्रम

उत्तर अमेरिकेतील एरी सरोवराच्या उद्धाराची कथा बहुधा एका आगीपासून सांगितली जाते. क्लीव्हलँड शहरातून वाहत जाऊन या सरोवरास मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने २२ जून १९६९ रोजी पेट घेतला. नदी पेटल्याचे ऐकून राष्ट्र जागे झाले आणि कायदे झाले, असा तिचा सारांश. कथा इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील कालक्रम सहसा तपासला जात नाही.

वस्तुतः ही आग अर्ध्या तासाच्या आतच विझली. दोन रेल्वेपुलांचे मिळून सुमारे ५० हजार डॉलरांचे नुकसान झाले. छायाचित्रकार पोचण्यापूर्वीच सर्व आटोपले होते. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये छापलेले छायाचित्र १९५२ मधील याच नदीवरील कितीतरी मोठ्या आगीचे होते. त्या मोठ्या आगीने मात्र राष्ट्र जागे झाले नव्हते! तेव्हा प्रश्न उलटाच विचारावयास हवा : लहानशा आगीला १९६९ मध्ये एवढा अर्थ कोठून आला?

तो अर्थ मागील पाच वर्षांच्या लोकचळवळीने निर्माण केला होता. डेव्हिड ब्लॉशिल्ड या क्लीव्हलँड परिसरातील मोटारविक्रेत्याने १९६४ मध्ये सरोवर वाचविण्यासाठी सह्यांची मोहीम सुरू केली. ‘क्लीव्हलँड प्रेस’च्या वार्ताहर बेटी क्लॅरिक यांनी हा विषय सातत्याने लावून धरला. ऑगस्ट १९६५ मध्ये संघराज्य शासनाने क्लीव्हलँड येथे प्रदूषणविषयक परिषद भरविली. नोव्हेंबर १९६८ मध्ये, म्हणजे आगीच्या सात महिने आधी, शहराच्या मतदारांनी जलशुद्धीसाठी १० कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांस संमती दिली. हा शेवटचा पुरावा मला निर्णायक वाटतो; कारण तेथे नागरिकांनी केवळ संताप व्यक्त केला नाही, खर्चाचा भार स्वीकारला.

चळवळीची भाषा नेहमीच अचूक होती असे नाही. ‘एरी सरोवर मृत झाले’ ही त्या काळची प्रसिद्ध घोषणा. खरे पाहता सरोवराचा रोग अतिजीवनाचा होता. सरासरी १९ मीटर खोलीच्या या उथळ सरोवरात सांडपाणी व धुण्याच्या भुकट्या यांतून येणाऱ्या स्फुरदामुळे शैवाल बेसुमार वाढे, आणि ते कुजताना तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपे. भुकट्यांचे कारखानदार मूळ दोष स्फुरदाचा नसून कर्बाचा आहे असे म्हणत. डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात एक लहान सरोवर पडद्याने दुभागले; एका भागात कर्ब व नत्र, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद घातले. केवळ दुसराच भाग हिरवागार झाला. त्यापूर्वीच, १५ एप्रिल १९७२ रोजी, अमेरिका व कॅनडा यांनी महासरोवरांच्या जलगुणवत्तेचा करार केला होता. शुद्धीकरण केंद्रे सुधारली, भुकट्यांतील स्फुरदावर निर्बंध आले, आणि १९६८ च्या सुमारास वर्षाला २५ हजार टनांहून अधिक असलेला स्फुरदाचा भार १९८० च्या दशकात ११ हजार टनांच्या आसपास उतरला.

येथे एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. चळवळीला जे शत्रू सापडले त्यांना तोंड होते : नळ, गटार, कारखाना. शेतांवरून पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या खतास असे तोंड नसते, आणि १९७२ च्या जलशुद्धी कायद्याची परवान्याची अट त्यास लागू झाली नाही. पुढे मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतजमिनींतून येणाऱ्या विद्राव्य स्फुरदाने पश्चिम भागात शैवाल पुन्हा वाढविले. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यातील विषामुळे टोलीडो व परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी वर्ज्य झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील मतदारांनी सरोवरास स्वतःचे हक्क देणारी सनद मंजूर केली. एका शेतकऱ्यानेच तिला आव्हान दिले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संघराज्य न्यायालयाने ती संदिग्धतेच्या कारणावरून रद्द ठरविली.