चौदा वर्षं डब्यात पडून राहिलेली फिल्म

मागच्या महिन्यात वेळासला जाऊन आलो. (मंडणगड तालुका, बाणकोट किल्ल्याच्या जवळ. शाळेच्या पुस्तकात नाना फडणवीसांचं गाव म्हणून भेटलेलं.) शुक्रवारी रात्री ऑफिसमधून थेट निघालो, रात्रभर गाडी चालवली आणि पहाटे डोळे चोळत किनाऱ्यावर उभे राहिलो. दोरीच्या अलीकडे शे-दीडशे माणसं, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. गावातल्या एका कार्यकर्त्याने वाळूवरची टोपली उलटली आणि तळहातावर मावतील अशी काळी पिल्लं पाण्याच्या दिशेने खुरडत निघाली. माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, "काय रे बाळा, ह्यातली जगतात किती?"

"हजारात एखादं, आजी."

माझ्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. हजारात एक जगतं? मग दोन हजार सोडा, दोन जगतील! इनपुट वाढवा, आउटपुट वाढेल. सोपंय की.

घरी आल्यावर वाचत बसलो तेव्हा कळलं की हेच गणित माझ्यापेक्षा कितीतरी हुशार माणसांनी करून पाहिलंय. एका आख्ख्या प्रजातीवर, वीस वर्षं. त्याचीच ही गोष्ट.

आपल्याकडे कोकणात येतं ते ऑलिव्ह रिडले. त्याचं एकच सख्खं भावंड जगात आहे, केम्प्स रिडले. ते राहतं मेक्सिकोच्या आखातात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या रिचर्ड केम्प नावाच्या माणसाने एक कासव हार्वर्डला पाठवलं, तिथल्या सॅम्युअल गारमनने 1880 साली त्याला केम्पचं नाव दिलं, आणि मग पुढची साठ-सत्तर वर्षं या प्राण्याबद्दल विज्ञानाला फारसं काही कळलं नाही. मुख्य अडचण ही की हे कासव अंडी कुठे घालतं तेच कोणा शास्त्रज्ञाला माहीत नव्हतं. फ्लोरिडातले कोळी सांगायचे की हे अंडी घालतच नाही, दुसऱ्या दोन जातींच्या संकरातून होतं. त्यांनी त्याला 'काळीज फुटणारं कासव' असंही नाव दिलं होतं. होडीत उताणं टाकलं की ते इतकं चवताळून धडपडतं, की त्यातच मरतं म्हणे.

आर्ची कार नावाचा फ्लोरिडा विद्यापीठातला प्राणिशास्त्रज्ञ या कोड्याच्या मागे लागला. दिसेल त्या कोळ्याला त्याने विचारलं. कॅरिबियनमधले किनारे पालथे घातले. बाकी सगळ्या कासवांची घरटी सापडली, रिडलेचं नाही. 1956 साली आलेल्या 'द विंडवर्ड रोड' या पुस्तकात त्याने ही सगळी फरफट लिहिली आहे, आणि पुस्तक संपतं तेव्हाही उत्तर नाहीच! (हे पुस्तक वाचून काही लोक इतके भारावले की त्यातून कासवं वाचवण्यासाठी एक संस्था उभी राहिली. एका न सुटलेल्या कोड्याचं एवढं फलित पुष्कळ झालं.)

आता गंमत बघा. उत्तर तोपर्यंत एका डब्यात नऊ वर्षं पडून होतं.

मेक्सिकोतल्या ताम्पिको शहरात आंद्रेस एरेरा नावाचा एक इंजिनियर होता (होय, आपल्यातलाच!). त्याच्याकडे छोटं विमान होतं. त्या किनाऱ्यावर कधीकधी हजारो कासवं एकदम वर येतात, असं लोकांच्या बोलण्यात होतं. याला ते बघायचंच होतं, म्हणून विमान घेऊन किनाऱ्यावर घिरट्या घालायचा. 18 जून 1947 ला रांचो नुएवो या खेड्याजवळ त्याला ते दिसलं. त्याने विमान तिथेच किनाऱ्यावर उतरवलं आणि कॅमेरा चालू केला. भर दिवसा, उन्हात, आख्खी पुळण कासवांनी भरलेली. एकमेकांच्या पाठीवरून चढून जाताहेत, एकीने घातलेली अंडी दुसरी उकरतेय, आणि मधूनच माणसं ती अंडी गोळा करताहेत. याला स्पॅनिशमध्ये 'अरिबादा' म्हणतात, म्हणजे आगमन. त्या फिल्मवरून पुढे काढलेला अंदाज होता, एका दिवसात चाळीस हजार माद्या. नंतरच्या काही अभ्यासकांना हा आकडा जास्त वाटला, पण हजारोंच्या हजारो होत्या याबद्दल वाद नाही.

एरेराने फिल्म घरी नेली. शास्त्रज्ञांना ती हवी आहे हे त्याला कोण सांगणार, आणि अशी फिल्म आहे हे शास्त्रज्ञांना कोण सांगणार! टेक्सासमधला हेन्री हिल्डेब्रँड नावाचा जीवशास्त्रज्ञ चौकशी करत करत अखेर तिथपर्यंत पोचला आणि 1961 साली ऑस्टिनला भरलेल्या परिषदेत त्याने ती दाखवली. प्रेक्षकांत आर्ची कार बसला होता. वीसेक वर्षं जे शोधलं ते पडद्यावर काही मिनिटांत. मला त्याच्या जागी बसलेला माणूस सारखा डोळ्यांसमोर येतो. आनंद झाला असेल की कपाळावर हात मारला असेल? रांचो नुएवोच्या लोकांना हे सगळं पहिल्यापासून ठाऊकच होतं. ते तर गाढवांवर अंडी लादून बाजारात पाठवत होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आणि त्या चौदा वर्षांत किनारा रिकामा होत चालला होता. 1966 साली मेक्सिको सरकारने पहिल्यांदा तिथे माणसं पाठवली. त्यांना त्या वर्षी दिसलेली सगळ्यात मोठी अरिबादा तेराशेच्या आसपास माद्यांची होती.

मग मात्र काम जोरात सुरू झालं. किनाऱ्यावर बंदुका घेतलेले नौसैनिक उभे राहिले. अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरली जाऊ लागली (आपल्या वेळासच्या हॅचरीत होतं तेच). 1978 मध्ये अमेरिकाही सामील झाली. सगळी प्रजाती एकाच किनाऱ्यावर अवलंबून असणं म्हणजे बॅकअप नसलेला सर्व्हर; तेव्हा टेक्ससमधल्या पाद्रे बेटावर दुसरी वसाहत उभी करायची असं ठरलं.

ही योजना वाचून मी खरंच चकित झालो. कल्पना अशी होती की कासव जिथे जन्मतं त्या वाळूची खूण त्याच्या मेंदूत उमटते. म्हणून रांचो नुएवोला मादी अंडी घालत असतानाच ती खाली पिशवीत झेलायची, तिथल्या वाळूचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. थर्मोकोलच्या खोक्यात पाद्रे बेटाची वाळू भरायची, त्यात ती अंडी ठेवून विमानाने टेक्ससला आणायची. पिल्लं निघाली की पाद्रेच्या किनाऱ्यावर चालू द्यायची, लाटेत शिरू द्यायची आणि लगेच जाळीने परत पकडायची! मग गॅल्व्हस्टनच्या प्रयोगशाळेत वर्षभर वाढवून, टॅग लावून समुद्रात सोडायची. दर वर्षी दोन हजार अंडी, 1978 ते 1988.

यात एक बग होता. समुद्री कासवाचं नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. थंड वाळूत नर, उबदार वाळूत माद्या. योजना सुरू झाली तेव्हा हे नीट कळलेलं नव्हतं. खोकी थंड राहायची आणि सुरुवातीच्या काही वर्षांत बहुतेक नरच तयार झाले. अंडी घालायला परत कोण येणार? 1985 पासून तापमान वाढवलं आणि मग माद्या व्हायला लागल्या.

पण मोठी चूक वेगळीच होती. वीस वर्षं पहारा देऊनही घरट्यांचा आकडा खालीच येत होता. 1985 च्या पूर्ण हंगामात 702 घरटी. एक मादी हंगामात दोन-तीनदा अंडी घालते, म्हणजे माद्या तीनशेसुद्धा नाहीत. अंडी वाचत होती, पिल्लं समुद्रात जात होती, आणि कासवं संपत होती.

1987 मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅस्वेल या तिघांनी एक शोधनिबंध छापला. तो लॉगरहेड जातीच्या कासवावर होता, रिडलेवर नाही. पण आयुष्याची घडण तीच. त्यांनी कासवाच्या आयुष्याचे सात टप्पे केले आणि एका टप्प्यातून पुढच्यात किती जातात याचं मॅट्रिक्स मांडलं. मग एकेक आकडा बदलून पाहिला. (आपण परफॉर्मन्स ट्यूनिंग करताना दुसरं काय करतो?) निघालं ते असं, की सगळीच्या सगळी अंडी वाचवली तरी ऱ्हास थांबत नाही. थांबतो तो मोठी, जवळजवळ वयात आलेली कासवं वाचली तर. कारण सरळ आहे. हजारातलं ते एक कासव दहा-पंधरा वर्षं सगळ्या संकटांतून तरून मोठं होतं, आणि अंडी घालायची वेळ येते तेव्हाच मरत असेल, तर आधीच्या पहाऱ्याचा काय उपयोग?

आणि मरत कुठे होतं तर कोळंबीच्या ट्रॉलरच्या जाळ्यात. कासवाला फुप्फुसं असतात, हवा घ्यायला वर यावं लागतं. जाळं तासन्तास पाण्याखाली ओढलं जातं. त्यात सापडलं की बुडून मेलं. 1990 साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अंदाज दिला, की त्यांच्या कोळंबी ट्रॉलरमध्ये दर वर्षी 500 ते 5,000 केम्प्स रिडले मरत असावीत. 702 घरट्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

उपाय एका कोळ्यानेच आधी शोधून ठेवला होता, तोही कासवांसाठी नव्हे. जॉर्जियातल्या सिंकी बून यांनी 1960 च्या दशकात जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशना कंटाळून जाळ्याच्या गळ्यात गजांची चौकट बसवली. कोळंबी गजांमधून मागे जाते, मोठी वस्तू वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर. त्यावरूनच पुढे 'टेड' हे कासव सोडवणारं उपकरण आलं. 1987 मध्ये सरकारने त्याची सक्ती केली तेव्हा कोळी भडकले. 1989 च्या जुलैमध्ये त्यांनी टेक्सस-लुइझियानाच्या बंदरांचे रस्ते बोटी आडव्या लावून बंद केले. त्यांचीही बाजू होती हो: कोळंबी निसटते, डिझेलचे पैसे निघत नाहीत, आणि शहरातल्या लोकांना कासवाची फिकीर! तरी हळूहळू सक्ती लागू झाली. त्यानंतर घरटी वाढत गेली. 2009 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वीस हजारांच्या आसपास. 2010 ला आखातात तेलगळती झाली त्या वर्षी आकडा पुन्हा घसरला, तेव्हापासून चढउतार चालू आहेत. पाद्रे बेटावर वाढवलेल्यांपैकी पहिल्या दोन माद्या 1996 साली तिथे अंडी घालायला परत आल्या. म्हणजे ती अजब योजना अगदीच वाया गेली नाही, आणि किनाऱ्यावरचा पहारा नसता तर 1985 पर्यंत काही उरलंच नसतं असंही म्हणता येतं. दोन्ही लागतं. फक्त किनारा फोटोत येतो, जाळं येत नाही.

आपला यात थेट संबंध आहे. टेड न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने अडवली तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले. 1998 च्या अपिलात निकाल आला की अमेरिकेचा हेतू रास्त आहे, पण नियम लावण्यात पक्षपात झाला. आपल्याकडे ही दादागिरी म्हणून गाजली, आणि थोडी होतीही. पण ओडिशाच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात मेलेली ऑलिव्ह रिडले वाहून येत होतीच.

2021 च्या मार्चमध्ये ओडिशात एका मादीला 03233 क्रमांकाचा टॅग लावला होता. जानेवारी 2025 मध्ये ती गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची मादी कोकणात! आर्ची कारला हे ऐकून मजा वाटली असती. मधल्या चार वर्षांत ती कुठे होती, कुणाच्या जाळ्यातून सुटली, टॅगवरून कळत नाही.

वेळासहून निघताना ज्यांच्याकडे राहिलो त्या काकूंना विचारलं, इथले ट्रॉलरवाले टेड लावतात का? "ते आम्हाला काय माहीत? हर्णैच्या बंदरात विचारा." पुढच्या फेरीला संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी हर्णैला जाणार आहे. कोणी येणार असाल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.